दुबार पेरणी आणि आजचं वाचन



सकाळी व्हॉट्सॲपवर आजचं वाचन येतं. आपण हात जोडल्याचा इमोजी टाकतो, दोन ग्रुपवर पुढे ढकलतो. वाचलं का? बरेचदा नाही. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

ही वाचनं कुणाच्या मनात आलं म्हणून निवडलेली नसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, चर्चने मिस्सेसाठी नवी वाचनमाला दिली. रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात येतात. त्यामुळे जालन्यात आई जे वाचते, तेच पुण्यात रूमवर राहणारा मुलगा वाचू शकतो. जिथे फादर रोज मिस्सेला पोहोचू शकत नाहीत, तिथेही हे वाचन पोहोचतं.

आता वाचायचं कसं? बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत बसणं. एक उदाहरण घेऊ.

‘अ’ वर्षात, जुलैमध्ये, पेरणाऱ्याचा दाखला येतो. मत्तय, अध्याय १३. आधी सावकाश वाचा. मग एका जागी थांबा. मी थांबतो तो बियाण्यापाशी. आपलं जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथेच सुरू केली. बियाण्याच्या पिशवीची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. आपला शेतकरी वाटेवर, खडकावर, काट्यांत बी टाकेल का? दाखल्यातला पेरणारा मात्र टाकतो. हातचं राखत नाही. माझं मन आज खडकासारखं असलं तरी तो माझ्याकडे येतो. हे झालं मनन.

त्याच रविवारी पहिलं वाचन यशया ५५ मधलं असतं. पाऊस जमीन भिजवल्याशिवाय परत जात नाही, तसाच देवाचा शब्द, असं तिथे सांगितलंय. २०२३ साली हा रविवार १६ जुलैला होता. पाऊस लांबलेला, आमच्या घरी दुबार पेरणीची चिंता. खरं सांगू? ते वाचन ऐकून मला राग आला. पण त्याच दिवशीच्या दुसऱ्या वाचनात पौल सांगतो की सगळी सृष्टी कण्हत आहे. म्हणजे कण्हायला परवानगी आहे! मी तो राग जसाच्या तसा देवापुढे ठेवला. ही झाली प्रार्थना.

पाऊस काही त्या दिवशी आला नाही. पण थोडा वेळ शांत बसल्यावर एक गोष्ट सुचली. संध्याकाळी मी बाबांजवळ बसलो आणि पहिल्यांदाच विचारलं, “कर्ज किती आहे?” ते बोलले. एकटे वाहत होते ते ओझं, निदान दोघांचं झालं.

वाचनाने आभाळ बदलेलच असं नाही. आपण मात्र घरच्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. आणि कालचं वाचन मनात रुजलं नसेल तर निराश होऊ नका. देव रोज सकाळी दुबार पेरणी करतो, तीही न कंटाळता.

तर उद्या पुढे पाठवण्याआधी फक्त पाच मिनिटं द्या. एक शब्द निवडा आणि दिवसभर सोबत ठेवा. कुठला निवडला ते घरी कुणाला तरी सांगा.

भेटू पुढच्या भागात. देव तुमचं भलं करो!