डबीवरचा ससा, डबीतला पारा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंडपात आजवर इतिहास झाला, संतवाङ्मय झाले, एकदा केळीवरच्या रोगांवरही व्याख्यान झाले. यंदा महिला समितीने आमच्या हाती एक चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते : "चेहऱ्याच्या क्रीमवर सशाचे चित्र असते. ती कंपनी खरोखरच प्राण्यांना त्रास देत नाही हे कसे ओळखायचे? आणि ते क्रीम मुलींनी लावले तर चालते का?" आम्ही फार्मसीचा डिप्लोमा घेतलेले, राज्य शासनाच्या नोकरीत औषधांच्या साठ्याशी रोज संबंध येणारे गृहस्थ; त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. पण लेबल वाचणे हेच आमचे पोटापाण्याचे काम, म्हणून होकार दिला.

चिठ्ठीत दोन प्रश्न दिसतात, पण आहेत तीन. तपासणीसाठी प्राणी वापरला का? क्रीममध्ये प्राण्याचा अंश आहे का? आणि लावणाऱ्या माणसाला त्यापासून अपाय होतो का? दुकानात हे तिन्ही एकाच डबीवर, एकाच हिरव्या पानाच्या चित्राखाली विकले जातात, आणि एकाचे उत्तर मिळाले की तिन्हींचे मिळाले असे आपण धरून चालतो. घोटाळा होतो तो तिथे.

आधी सशाचे पाहू. ससाच का, हत्ती का नाही? तर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन ड्रेझ या सरकारी शास्त्रज्ञाने एक चाचणी मांडली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी ठेवायचा, आणि पुढे काही दिवस डोळा किती लाल होतो, किती सुजतो, बुबुळ पांढरे पडते का, याचे गुण मांडायचे. ससा गरीब प्राणी, ओरडत नाही, चावत नाही. म्हणून त्याच्या वाट्याला हे आले. शाम्पू, काजळ, क्रीम अशी हजारो उत्पादने या वाटेने बाजारात गेली. पुढे लोक रस्त्यावर आले, कायदे बदलले. युरोपीय संघाने मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्रीच बंद केली. आपणही मागे राहिलो नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आपल्या मानकातून या चाचण्या काढल्या. मे २०१४ मध्ये नियमावलीत १४८-सी हा नियम घालून देशात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला बंदी झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशी तपासलेली प्रसाधने आयात करायलाही. २०२० च्या प्रसाधन नियमांतही ही बंदी कायम आहे.

याचा अर्थ लक्षात घ्या. भारतात बनलेल्या क्रीमवर 'क्रुएल्टी-फ्री' असे ठळक छापलेले असले, तर कंपनी जे सांगते आहे ते कायद्याने तिला करावेच लागते. दूधवाल्याने "आम्ही दुधात डिटर्जंट घालत नाही" अशी पाटी लावावी, तसे ते आहे. खोटे नाही, पण त्यासाठी शंभर रुपये जास्त मोजावेत असेही नाही.

प्रश्न उरतो तो मोठ्या परदेशी कंपन्यांचा आणि घटकद्रव्यांचा. एखादी कंपनी इथे चाचणी करत नसेल, पण दुसऱ्या देशात विकायला तिथल्या सरकारची अट म्हणून करू देत असेल. चीनमध्ये आयात प्रसाधनांना ही अट होती. मे २०२१ पासून साध्या प्रसाधनांपुरती ती काही शर्तींवर सैल झाली. शिवाय तयार क्रीम कुणी सशावर तपासले नसले, तरी त्यातले रसायन पुरवणाऱ्याने तपासले असू शकते. म्हणून सशाच्या चित्रातही फरक करावा लागतो. नुसता ससा कुणीही काढू शकतो. 'लीपिंग बनी' हे उडी मारणाऱ्या सशाचे चिन्ह मात्र पुरवठादारांपर्यंत चौकशी करून आणि हिशेब तपासून देतात. 'पेटा'चे चिन्ह मुख्यत: कंपनीच्या लेखी हमीवर मिळते. दोन्ही संस्थांच्या याद्या जाहीर आहेत, नाव घालून पाहता येते. डबीवर ससा आहे आणि यादीत कंपनी नाही, तर तो ससा चित्रकाराचा समजावा. आपल्याकडे पुण्यात डायना रत्नागर यांनी सुरू केलेली 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून याच कामात आहे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका येण्याच्या कितीतरी आधी ही माणसे कशात काय आहे याच्या याद्या करत होती.

ठिपक्यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या मंडळात माळकरी आहेत, जैन शेजारी आहेत. श्रावण आणि चातुर्मास कडक पाळणारी घरे आहेत. ताटात अंडे चालत नाही, आणि ओठाला मात्र किडा लावतो. ही थट्टा नव्हे. लिपस्टिकवर 'सीआय ७५४७०' किंवा 'कारमाइन' असे दिसले, तर तो लाल रंग कोचिनील नावाचे किडे वाळवून काढलेला असतो. 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीतले मेण, 'बीज वॅक्स' मधमाशीचे. 'स्क्वालीन' शार्कच्या यकृतातूनही येते आणि ऑलिव्हमधूनही. ग्लिसरीन आणि स्टिअरिक अॅसिड चरबीपासून आहे की वनस्पती तेलापासून, हे नावावरून ओळखताच येत नाही. कंपनीला विचारावे लागते. २०१४ मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरही हिरवा-तांबडा ठिपका लावण्याचा नियम आला होता, पण उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये औषधविषयक तांत्रिक सल्लागार मंडळानेही सक्ती नको असे मत दिले. म्हणून तो ठिपका कुठे दिसतो, कुठे नाही. आणि दिसला तरी तो घटकांचे मूळ सांगतो. तपासणीत ससा होता की नाही, हे तो सांगत नाही.

आता तिसरा प्रश्न. खरे तर आम्ही आलो ते यासाठीच.

अकोला आपल्याला परके नाही. या मंडपातल्या कित्येक घरांची सोयरीक तिकडे आहे. तिथल्या एका कुटुंबाची हकिगत २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. घरातल्या तरुण मुलीने ओळखीच्या ब्यूटिशियनकडून एक क्रीम आणले. चेहरा उजळला, लोक विचारू लागले, म्हणून तेच क्रीम तिच्या आईने आणि बहिणीनेही लावायला घेतले. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार झाला. एका घरातल्या तिघींना एकाच वेळी तोच आजार कसा, म्हणून शोध घेतला तेव्हा समान धागा निघाला तो त्या डबीचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला, मर्यादेच्या कितीतरी पट.

ही एकटीदुकटी गोष्ट नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतले १५ एका खास प्रकारात मोडले, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारे क्रीम लावत होते. त्यानंतर केरळच्या औषध नियंत्रण खात्याने 'ऑपरेशन सौंदर्य' नावाने दुकानांवर छापे घातले.

पारा घालतात तरी कशाला? कारण तो काम करतो, हेच त्याचे दुर्दैव. कातडीत काळा रंग तयार होण्याची क्रिया तो अडवतो. पंधरा दिवसांत फरक दिसतो, शेजारीण विचारते, डबी खपते. पण कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफही होते, म्हणजे ज्याने क्रीम कधी लावलेच नाही अशा मांडीवरच्या बाळालाही तो पोचतो. आपल्या नियमांत प्रसाधनात पारा घालायलाच मनाई आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच सूट. डोळ्यांच्या प्रसाधनांना ७० भागांची वेगळी मर्यादा आहे.

आता एक खूण सांगतो, ती घरी जाऊन बायकांनी बायकांना सांगावी. क्रीमच्या कागदावर "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये" असे लिहिलेले असेल, तर ती डबी बंद करा. पारा सोन्यात मुरतो, हे आपल्या सराफ्यातल्या कोणत्याही कारागिराला विचारा. जे मंगळसूत्राला चालत नाही ते गळ्याला कसे चालेल? 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड', 'मर्क्युरिक', 'अमोनिएटेड मर्क्युरी' ही सगळी त्याचीच नावे. बहुतेक वेळा मात्र नाव लिहिलेलेच नसते. डबीवर परदेशी लिपी, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही, आणि विकणारा म्हणतो, "बाहर का माल है, दीदी." अशा डबीवर ससा असला काय, नसला काय. कदाचित त्या सशाला कुणी हात लावला नसेलही.

दुसरा धोका याहून जवळचा आहे, आणि तो आमच्या खात्याच्या विषयातला. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही ट्यूबा क्रीम म्हणून मागितल्या जातात, पण त्या औषधे आहेत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे किंवा त्यांच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. यांतली पहिली तीन स्टेरॉइडे. गजकर्ण असो, मुरूम असो की लग्नाआधी रंग उजळायचा असो, एकीने वापरलेली ट्यूब दुसरीला दिली जाते. सुरुवातीला चेहरा खरोखर सुरेख दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात चटका बसतो, बारीक लाल शिरा दिसू लागतात, ओठावर लव येते. आणि बंद करावी तर चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावावी लागते. त्वचारोगतज्ज्ञांनी यासाठी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशी निदानाची वेगळी संज्ञाच केली आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत या यादीत टाकली. ट्यूबवर 'शेड्यूल एच' किंवा 'आरएक्स' दिसले, की ती वस्तू ड्रेसिंग टेबलावरची नव्हे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची.

मग लेबल वाचायचे कसे? बुधवाऱ्यातल्या कोणत्याही जनरल स्टोअर्सच्या फळीसमोर उभे राहून करता येईल एवढेच सांगतो. उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख. माल परदेशी असेल तर आयातदार आणि नोंदणी क्रमांक. यातले एक जरी नसेल तरी पुढचे वाचायची गरज नाही. असेल तर घटकांची यादी पाहा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याहून कमी असलेले कसेही. म्हणून "केशर आणि चंदनयुक्त" असे पुढे छापलेले असते, आणि मागे केशर यादीच्या शेपटीला असते. पहिले नाव पाणीच असणार, त्याने दचकू नये.

'नॅचरल', 'हर्बल', 'केमिकल-फ्री' या शब्दांना आम्ही फारशी किंमत देत नाही. पाणीसुद्धा केमिकल आहे आणि पारा अगदी नैसर्गिक. पॅराबेनच्या नावाने मुली घाबरतात, पण पाणी असलेल्या क्रीममध्ये काहीतरी संरक्षक हवेच, नाहीतर बुरशी धरते. कोरफडीचा गर काढून महिनाभर कपाटात ठेवलेला आम्ही पाहिला आहे. त्याचा वास आला तरी "घरचे आहे" म्हणून तो लावतात. डबी सुरक्षित आहे की नाही हे शेवटी प्रयोगशाळाच सांगते, आणि तिचेही उत्तर सोपे नसते. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचा मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला, कारण जुन्या नमुन्यांचा पीएच मानकात बसला नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नमुना घेतला २०१८ मध्ये आणि कारवाई चार वर्षांनी, हा विलंब न्यायालयाला पटला नाही.

प्रसाधन म्हणजे फक्त क्रीम नव्हे. टिकलीखाली कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचे रसायन असते, ते रंग तयार करणाऱ्या पेशी मारते. डाग दिसायला लागला की ब्रँड बदलून भागत नाही, टिकली थांबवावी लागते. तसेच 'काळी मेंदी'. मेंदीचे पान काळे रंगवत नाही, तांबूस रंगवते. काळा रंग बहुधा पीपीडी या केसांच्या रंगातल्या रसायनाचा, आणि तो हातावर लावायचा नाहीच. केसांना लावणार असाल तर दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. कुंकवाचेही तेच. हळदीचे कुंकू वेगळे आणि स्वस्त रंगाची लाल पूड वेगळी. प्रसाधनाच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत २० भाग आहे, पण सुट्या पुडीवर मर्यादा कुठे छापलेली असते?

संशय आला तर करायचे काय, असे एका ताईंनी विचारले. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम २६ आपल्यासाठीच आहे. विकत घेतलेले प्रसाधन ठरावीक शुल्क भरून, अर्ज करून, कोणताही नागरिक शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. त्यासाठी बिल हवे. पंधरा रुपयांच्या वस्तूचे बिल मागताना आपल्याला लाज वाटते, दुकानदाराला वाटत नाही. औषध निरीक्षकाकडे तक्रार करतानाही तेच बिल आणि तीच डबी लागते, म्हणून डबी रागाने फेकू नका. घट्ट बंद करून, पिशवीत घालून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. ज्यांनी असे क्रीम काही महिने लावले असेल, पायावर सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल, त्यांनी डॉक्टरांना दाखवताना ती डबी सोबत न्यावी. डॉक्टर जेवणखाण विचारतात, औषधे विचारतात. चेहऱ्याला काय लावता हे दरवेळी विचारतातच असे नाही. आपण सांगावे.

शेवटची चिठ्ठी एका आजींची आहे. त्या विचारतात, साय, हळद आणि डाळीचे पीठ आम्ही पन्नास वर्षे लावतो, ते चालेल का? चालेल, आजी. ताजे कालवा, उरलेले ठेवू नका. फक्त त्यात लिंबू पिळून उन्हात वाळवण घालायला जाऊ नका, चेहऱ्यावर काळे डाग पडतात.