तिकीट ठेवलं, पाकीट फेकलं

  पहिली पाळी करून घरी आलेल्या, दुसऱ्या पाळीला निघालेल्या आणि भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्याजणींशी आज आम्ही टपालाच्या तिकिटांबद्दल बोलणार आहोत.

"तिकिटांचं आम्हाला काय बाई?" असं कुणी म्हणेल. पण आपल्या बऱ्याच घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात सासऱ्यांची पत्रं असतात, मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरचे तुकडे असतात, कुणा दिरानं शाळेत असताना तिकिटं चिकटवलेली वही असते. दिवाळीची साफसफाई आली की ती ट्रंक खाली येते आणि किलोच्या भावानं रद्दीत जाते. ती ट्रंक उघडणाऱ्या आपणच, आणि काय ठेवायचं, काय टाकायचं हे ठरवणाऱ्याही आपणच. म्हणून हे बोलणं आपल्यासाठी आहे.

तिकिटं जमवण्यात ज्यांची चाळीस-पन्नास वर्षं गेली, अशा माणसांना विचारावं, "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली, तर काय वेगळं कराल?" उत्तरं फार वेगवेगळी येत नाहीत. त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं एकच असतं. तिकीट ठेवलं आणि पाकीट फेकलं.

लहानपणी सगळे तेच करतात. पत्र आलं की कोपरा फाडायचा, पाण्यात भिजवायचा, तिकीट सोडवून वहीत लावायचं. पाकीट चुलीत. पण त्या पाकिटावर काय काय असतं बघा. कुठून निघालं त्या गावाचा शिक्का, तारीख, कुठं पोचलं तिथला शिक्का, कुणी कुणाला लिहिलं ते नाव. जुन्या पाकिटांवर आपल्या शहराचं नाव इंग्रजीत 'शोलापूर' असं उमटलेलं दिसतं. सुटं तिकीट देशभर लाखांनी निघालेलं असतं. पण अमक्या दिवशी अमक्या गावाहून आपल्या घरी आलेलं पाकीट एकच असतं. जाणता संग्राहक आज शोधतो ते असं अख्खं पाकीट.

अंतर्देशीय पत्राचं तर आणखी वाईट. त्यावर तिकीट छापलेलंच असतं. ते कात्रीनं कापलं की मागच्या बाजूला लिहिलेला मजकूरही कापला जातो. आईनं लेकीला लिहिलेल्या पत्रातली चार वाक्यं अशी कायमची जातात.

कात्रीचा हा मोह फार जुना आहे. १८५२ साली सिंध प्रांतात 'सिंध डाक' नावाची तिकिटं निघाली, ती आपल्या देशातली पहिली. मग १८५४ साली सगळ्या देशासाठी तिकिटं आली. त्यांच्या कडांना आजच्यासारखी भोकं नव्हती, कात्रीनं कापून घ्यावी लागत. चार आण्याच्या तिकिटातली चौकट आठ कोनांची होती. लोकांनी ती छान दिसावी म्हणून चौकटीबरोबर कापून घेतली. आज चारी बाजूंनी कागद राखलेलं तिकीट मानाचं, आणि नेटकं कापलेलं त्याच्यापुढं फार कमी किमतीचं. म्हणून जुन्या कागदाला हात लावायच्या आधी कात्री लांब ठेवा.

दुसरी गोष्ट जाणते सांगतात ती म्हणजे एक विषय धरावा. सुरुवातीला वाटतं, जगातलं जे मिळेल ते घ्यावं. हजार तिकिटांचं पाकीट स्वस्तात मिळतं, वही भरते, मन भरतं. साठ-सत्तरच्या दशकात आखातातल्या अजमान, फुजैरा अशा छोट्या राज्यांच्या नावानं रंगीबेरंगी तिकिटं ढिगानं छापली गेली. मांजरं, मोटारी, चंद्रावरचे वीर. बरीचशी शिक्का मारूनच विकायला यायची, पत्रावर कधी लागलीच नाहीत. त्या काळच्या मुलांनी खाऊचे पैसे त्यात घातले. आज त्या गठ्ठ्यांना कुणी विचारत नाही. "हजाराच्या जागी पंचवीस घेतली असती, पण समजून घेतली असती," असं ते म्हणतात.

विषय कसला घ्यावा? आपल्या जवळचा. केगावला आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं तिकीट १९९६ साली निघालं. सावित्रीबाई फुले यांचं १९९८ साली, पंडिता रमाबाईंचं १९८९ साली, रमाबाई रानडे यांचं १९६२ साली. संत मीराबाईंचं १९५२ सालचं. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या महर्षी कर्व्यांचं तिकीट १९५८ साली, त्यांच्या शंभरीला निघालं. हयात असताना तिकिटावर आलेले स्वतंत्र भारतातले ते पहिले. एवढ्या पाच-सहा तिकिटांत लेकीसुनांच्या शिक्षणाची केवढी गोष्ट सांगता येते!

किंवा आपलं सोलापूर घ्या. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत ते होते. युद्धातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. चीननं १९८२ साली त्यांच्यावर तिकिटं काढली आणि आपल्या देशानं १९९३ साली. सोलापूरच्या माणसावर परदेशानं आधी तिकीट काढलं, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे का? तिकीट हातात धरलं की असा प्रश्न आपोआप निघतो.

तिसरी गोष्ट आपल्याला लगेच पटेल, ती म्हणजे दप्तर. गटात पैसा नियमित जमला आणि रोकडवही लिहिलीच नाही, तर काय होतं ते आपण जाणतो. पैसा दिसतो, हिशोब लागत नाही. तिकिटांचं तसंच. हे कुठून आलं, कुणी दिलं, कधी घेतलं, किती रुपयांना, हे त्या त्या वेळी लिहिलं नाही तर दहा वर्षांनी आठवत नाही. शंभर पानी वही पुरे. चार रकाने आखा: तारीख, वस्तू, कुठून आली, किंमत. तिकिटावर मात्र पेन लावायचं नाही.

जुन्या पत्रांची तारीख लावायची एक युक्ती सांगतो. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी होते. पत्त्यात ४१३ नं सुरू होणारा पिन असेल तर पत्र त्यानंतरचं, नसेल तर बहुधा आधीचं. शिक्का पुसट असला तरी एवढ्यावरून काळ कळतो.

चौथी गोष्ट जपणुकीची. पहिल्या वह्यांमध्ये सगळ्यांनी खळ लावली, डिंक लावला, चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी पिवळी पडते आणि डाग कायमचा राहतो. आजचे जाणते तिकिटाला काहीच चिकटवत नाहीत. पट्ट्यांची वही मिळते, तिला स्टॉकबुक म्हणतात. त्यात तिकीट नुसतं सरकवून ठेवायचं. घामाचं बोट लागू नये म्हणून टोक बोथट असलेला चिमटा वापरायचा. पावसाळ्यात कोऱ्या तिकिटांचा डिंक ओलावतो आणि ती एकमेकांना चिकटतात. म्हणून ती मातीच्या भिंतीला टेकून किंवा जमिनीवर ठेवू नयेत, कपाटात वरच्या फळीवर वही उभी ठेवावी. उन्हात वाळवू नयेत, रंग उडतो. अधूनमधून उघडून कसर लागली नाही ना ते बघावं.

पाचवी गोष्ट पैशाची. ही नीट ऐका. जुनं म्हणजे महाग, हा समज खोटा आहे. बातमी येते ती वेगळ्याच तिकिटाची. १९४८ साली गांधीजींची तिकिटं निघाली. त्यातली दहा रुपयांची मोजकी तिकिटं 'सर्व्हिस' असा शब्द वर छापून सरकारी कामापुरती काढली होती. तसल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ साली विलायतेत पाच लाख पौंडांना विकली गेली. बातमी खरी, पण ती मोजक्या तिकिटांची. आपल्या ट्रंकेतलं साधं तिकीट त्या रांगेत बसत नाही. म्हातारपणाची सोय होईल म्हणून तिकिटं घेतली, अशी आशा धरलेले बरेच जण पुढं हिरमुसले. हौस म्हणून पैसे घालावेत, बचत म्हणून गटातच ठेवावेत.

अशाच बातम्यांवर फसवणारे जगतात. "तुमच्याकडची जुनी नोट, जुनं नाणं, जुनं तिकीट लाखाला घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार पाठवा," असा फोन येतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक नाही आणि त्यासाठी कसलीही फी, कमिशन घेत नाही. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. ओटीपी मागितला की फोन ठेवून द्या.

सहावी गोष्ट घरातल्या बाईशी थेट जोडलेली आहे. हा नाद बहुतेक घरांत पुरुषांचा. वही त्यांची, कपाट त्यांचं, माहितीही त्यांच्याच डोक्यात. माणूस गेला की सगळं बायकोच्या नाहीतर सुनेच्या हातात येतं. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. दाराशी आलेला माणूस "कागदच आहेत हे, दोनशे रुपये देतो" म्हणतो आणि ती देऊन टाकते. म्हणून जाणते सांगतात, घरच्यांना सुरुवातीपासून सामील करा. कुठल्या वहीत काय आहे, कुणाला विचारावं, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. मैत्रिणींनो, आपल्या घरात असा नाद कुणाला असेल तर तो कागद मागून घ्या. विम्याचा कागद मागतो तसाच. आणि कुणी गेल्यावर वर्षभर तरी अशा वस्तू विकायची घाई करू नका.

आता मुलांचं. टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती २०१७ पासून आहे. सहावी ते नववीच्या, तिकीटसंग्रहाची आवड असलेल्या मुलामुलींसाठी. वर्षाला ६,००० रुपये, दर तिमाहीला १,५०० खात्यावर. मागच्या वार्षिक परीक्षेत किमान ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत. शाळेत तिकीटसंग्रहाचा क्लब हवा, आणि तो नसेल तर मुलाच्या नावानं टपाल खात्यात तिकीटसंग्रहाचं खातं चालतं. ते खातं २०० रुपयांत उघडतं आणि नवी तिकिटं त्यातून घरपोच येतात. आधी लेखी प्रश्नमंजूषा होते, मग एका विषयावर तिकिटं लावून प्रकल्प करायचा असतो. एका राज्यात प्रत्येक इयत्तेतून दहा, म्हणजे चाळीस मुलं निवडतात. चुरस आहे, म्हणून हमखास मिळेल असं आम्ही म्हणत नाही. पण त्या प्रकल्पाला ढीगभर तिकिटं लागत नाहीत. एक विषय, थोडी तिकिटं आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेली माहिती लागते. म्हाताऱ्या संग्राहकांना जे चाळीस वर्षांनी उमगलं, ते आपल्या सहावीतल्या पोरीला आजच सांगता येईल. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या जवळच्या पोस्टात किंवा सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयात विचाराव्यात.

पत्रं आता कमी झाली. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली. मनीऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची. "पैसे मिळाले की कळव. पोरांना जप." असं काही. तसे तुकडे आता नव्यानं होणार नाहीत. आहेत तेवढेच आहेत, आणि ते आपल्याच ट्रंकांत आहेत.

पुढच्या बैठकीला बचत आणि परतफेड झाली की एक काम करू. प्रत्येकीनं घरातलं एक जुनं पत्र, पाकीट किंवा पोस्टकार्ड आणायचं. कापायचं नाही, सोडवायचं नाही, जसं आहे तसं वहीच्या पानांत ठेवून आणायचं. शिकणारी मुलगी बरोबर आणा, ती शिक्का वाचेल. कुणाचं, कुठून, कधी, हे आपण तिथंच लिहून काढू. ज्या आजींना ते पत्र आलं होतं त्या घरात असतील तर आधी त्यांना विचारा. वहीत पहिली नोंद त्यांच्या नावानं करू.

 भेटू या बैठकीत.