पोटावरचा वळ

आज कोडिंग नाही, एक अपघात सांगणार आहे. गाडी मीच चालवत होतो.

मागच्या उसाच्या सीझनला आम्ही पाचजण दौंडहून शिरूरला निघालो, साखरपुड्याला. चौफुला-न्हावरा रोड. गाडी जुनी, मागे मधल्या सीटला फक्त कमरेचा बेल्ट. तिथे मावसभाऊ. अंधारात पुढे उसाची ट्रॉली, रिफ्लेक्टर नाही. धाडकन!

भाऊ स्वतःच्या पायांनी उतरला. (तेही करायला नको होतं, हे नंतर कळलं.) पोटावर बेल्टचा आडवा लाल वळ, बाकी काही नाही. सोनोग्राफी नॉर्मल. मी डॉक्टरांना विचारलं, "सर, घरी नेऊ का?" खरं सांगतो, सोमवारी माझं रिलीज होतं. ते म्हणाले, "हा वळ दिसतोय ना? २४ तास हलवायचं नाही."

मध्यरात्री पोट लाकडासारखं कडक झालं. पाठ सरळ ठेवून ॲम्ब्युलन्सने पुण्याला, मग सीटी स्कॅन. लहान आतडं फाटलेलं आणि कमरेचा पहिला मणका आडवा चिरलेला.

होतं काय, तर बेल्ट कमरेच्या हाडावर हवा, तो सरकून पोटावर येतो. झटक्यात शरीर त्यावर चाकूसारखं मिटतं. आतडं बेल्ट आणि मणक्यात चेंगरतं, मणका मागून उघडतो. १९४८ मध्ये चान्स नावाच्या ब्रिटिश रेडिओलॉजिस्टने या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, म्हणून ते 'चान्स फ्रॅक्चर'. नशिबाचा काही संबंध नाही! आतड्याची जखम सुरुवातीला सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून डॉक्टर पोट पुन्हा पुन्हा दाबून बघतात.

आधी आतडं शिवलं. मणक्याची चीर फक्त हाडातून गेली असेल तर बऱ्याचदा ब्रेसवर भागतं, लिगामेंट तुटली तर स्क्रू आणि रॉड. याची चीर हाडातूनच होती, पण पोटावर ताजे टाके, ब्रेस आवळणार कुठे? म्हणून स्क्रूच टाकले.

आता कुणीतरी म्हणेल, मग बेल्टच नको. थांबा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता. भाऊ बेल्टशिवाय असता तर थेट काचेतून बाहेर गेला असता. भानगड आहे ती खांद्याचा पट्टा नसण्यात आणि खालचा पट्टा पोटावर चढण्यात. लहान मुलांना तर मोठ्यांचा बेल्ट हमखास पोटावरच येतो.

भाऊ आता चालतो, वाकताना मात्र सावकाश. परवा गाडीत बसताना त्याने माझ्या मुलीचा बेल्ट स्वतः खाली ओढून बसवला. मला काही बोलला नाही.