रोजकीर्दीची वही केवढी असावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणक-व्यवसायातील एखादा विषय सर्वांस समजेल अशा रीतीने मांडण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी तिचा आभारी आहे. आज आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतील मुलगे व मुली या व्यवसायात आहेत. ती दिवसभर नेमके काय करतात हे वडीलधाऱ्यांस समजावून सांगणे त्यांस जमत नाही, आणि वडीलधाऱ्यांस ते विचारणे प्रशस्त वाटत नाही. त्यांच्या कामांपैकी जे काम बाहेरच्यांस सर्वांत कमी दिसते, ते म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला संगणकीय मजकूर तपासणे. त्याविषयी मी एका लहानशा परंतु खऱ्या उदाहरणाच्या आधारे चार शब्द सांगणार आहे.

ज्यांनी दुकानाचा वा पतपेढीचा हिशेब लिहिला आहे, त्यांस रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद सांगावयास नको. व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत उतरवावयाचा आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा, ही आपली जुनी रीत. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द शाबूत असल्यास सारा हिशेब पुन्हा उभा करता येतो. संगणकातील मोठमोठी माहिती-भांडारे, ज्यांस डेटाबेस म्हणतात, तीही नेमकी याच रीतीने चालतात.

‘पोस्टग्रेस’ नावाचा एक डेटाबेस आहे. त्याचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली हाती घेतलेल्या प्रकल्पात आहे. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो आणि त्याचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो. २००१ साली निघालेल्या त्याच्या ७.१ या आवृत्तीत रोजकीर्दीची पद्धत आली. नोंद रोजकीर्दीत पक्की झाल्यावाचून ‘व्यवहार पूर्ण झाला’ असे सांगावयाचे नाही, हा तेथील नेहमीचा दंडक आहे. वीज गेली, यंत्र कोसळले, तरी ते पुन्हा सुरू होताच रोजकीर्द वाचून खतावणी दुरुस्त केली जाते.

ही रोजकीर्द एका अखंड वहीत नसते. ठराविक आकाराच्या फाइली असतात. एक भरली की दुसरी उघडावयाची. भरलेल्या फाइलीची प्रत दुसऱ्या सुरक्षित जागी पाठविण्याची सोयही करता येते. या फाइलीचा आकार १६ मेगाबाइट ठरला होता. तो बदलणे अगदी अशक्य नव्हते; परंतु त्यासाठी मूळ मजकुरातून सारा कार्यक्रम नव्याने बांधून घ्यावा लागे. बहुसंख्य लोक तयार बांधलेला कार्यक्रमच घेतात. त्यामुळे १६ हा आकडा व्यवहारात जणू शिलालेखच झाला होता.

हा आकडा कोणास अडचणीचा होता? समजा, एका मोठ्या पेढीच्या यंत्रावर दर मिनिटास १ गिगाबाइट, म्हणजे १०२४ मेगाबाइट नोंदी होत आहेत. दर मिनिटास ६४ फाइली भरणार आणि प्रत्येकीची प्रत पाठविण्याचा हुकूम वेगळा सुटणार. म्हणजे एका फाइलीस एक सेकंदही पुरा मिळत नाही. प्रती मागे पडू लागल्या की न पाठविलेल्या फाइलींचा ढीग साचतो, जागा संपते आणि अखेरीस यंत्र थांबते. फाइल ६४ मेगाबाइटची केल्यास मिनिटास १६ हुकूम पुरतात.

मग सर्वांनाच मोठी वही का देऊ नये? आता एखाद्या लहान संस्थेचे यंत्र डोळ्यांपुढे आणा. तेथे मिनिटास दोनचारच नोंदी होतात. परंतु जुनी नोंद हरवू नये म्हणून दर मिनिटास वही बंद करून तिची प्रत पाठविण्याचा नियम केलेला आहे. वही भरो वा न भरो, फाइल पूर्ण आकाराचीच जाते. दिवसास १,४४० मिनिटे. १६ मेगाबाइटच्या हिशेबाने २३,०४० मेगाबाइट होतात. १ गिगाबाइटच्या हिशेबाने १,४४० गिगाबाइट! रिकामा भाग शून्यांनी भरलेला असल्यास फाइल दाबून लहान करता येते हे खरे, पण तशी व्यवस्था ज्याने केली नाही त्याचे गोदाम पाहता पाहता भरेल. आणि असा नियमच केला नसेल, तर धोका निराळा. वही भरेपर्यंत तिची प्रत बाहेर जात नाही. त्या आधीच आग लागली तर १६ मेगाबाइटपर्यंतच्या नोंदींऐवजी १ गिगाबाइटपर्यंतच्या नोंदी प्रतीवाचून जातील.

तात्पर्य, सर्वांस पुरेल असा एक आकडा नाही. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे तो निवडावा हेच योग्य. डेटाबेस प्रथम मांडतानाच वहीचा आकार सांगता यावा, अशी दुरुस्ती या विचाराने लिहिली गेली. ती सप्टेंबर २०१७ मध्ये मूळ मजकुरात स्वीकारली गेली आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ११ व्या आवृत्तीतून सर्वांच्या हाती आली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अशी दुरुस्ती तपासावयाची म्हणजे काय करावयाचे? वरवर पाहता काम क्षुल्लक आहे. जेथे १६ लिहिले आहे, तेथे ‘मालक सांगेल तो आकडा’ असे लिहावयाचे, एवढेच! परंतु जो आकडा वर्षानुवर्षे एका जागी उभा राहतो, त्याच्या आश्रयास पुष्कळ गोष्टी येऊन राहतात. जुन्या वाड्यातील खांब हलविण्यापूर्वी त्यावर कोणकोणत्या तुळया टेकल्या आहेत हे पाहावे लागते. परीक्षकाचे पहिले कर्तव्य तेच.

प्रथम फाइलींची नावे पाहा. प्रत्येक नाव सोळाच्या पायावर लिहिलेल्या २४ अंकी संख्येचे असते. ४ गिगाबाइटचा एक गट धरून त्यातील फाइलीचा क्रमांक शेवटच्या ८ अंकांत येतो. १६ मेगाबाइटच्या फाइली अशा गटात २५६ बसतात. ६४ मेगाबाइटच्या ६४ बसतात, १ गिगाबाइटच्या केवळ ४. बाहेरच्या कोणी ‘एका गटात २५६ च’ असे गृहीत धरून प्रती सांभाळण्याचा कार्यक्रम लिहिला असेल, तर तो चौथ्या फाइलीनंतर कधीच न येणाऱ्या पाचव्या फाइलीची वाट पाहत बसेल.

दुसरी तुळई सोबतच्या साधनांची. फाइली वाचून दाखविणारे, त्या दूरच्या यंत्रावर उतरवून घेणारे, असे अनेक लहान कार्यक्रम डेटाबेसासोबत येतात. त्या सर्वांस आकार पाठ होता. आता तो विचारून घेण्यास त्यांस शिकवावे लागले. उतरवून घेणारा कार्यक्रम मुख्य यंत्रास विचारतो, तर वाचून दाखविणारा फाइलीच्या पहिल्या पानाच्या शिरोभागावरून तो ओळखतो. एकास जरी शिकविण्याचे राहिले, तरी नोंदी असूनही त्या वाचता न येण्याची आपत्ती.

तिसरी तुळई मर्यादांची. नेहमीच्या मांडणीत रोजकीर्दीसाठी किमान ८० मेगाबाइट आणि साधारण कमाल १ गिगाबाइट, म्हणजे ५ व ६४ फाइलींइतकी जागा धरलेली असते. किमान मर्यादा निदान दोन फाइलींइतकी असलीच पाहिजे, असाही नियम आहे. फाइलच १ गिगाबाइटची निवडली तर ८० मेगाबाइटची किमान मर्यादा चालणार कशी? म्हणून मांडणीच्या वेळी याही मर्यादा त्याच प्रमाणात वाढविल्या जातात आणि कमाल मर्यादा ६४ गिगाबाइटवर जाते. हिशेब बरोबर आहे. पण लहान यंत्राच्या मालकास हे आधी कळावयास हवे.

चौथी गोष्ट नकाराची. आकार १ पासून १,०२४ मेगाबाइटपर्यंत आणि दुपटीच्या श्रेणीतलाच, म्हणजे १, २, ४, ८ असा, असावा अशी अट आहे. त्यामुळे ४ गिगाबाइटच्या गटाचे भाग निःशेष पडतात. परीक्षकाने १६ आणि ६४ देऊन पाहावेच; परंतु ३ आणि २,०४८ देऊनही पाहावे, आणि कार्यक्रम स्पष्ट शब्दांत नकार देतो की नाही याची खात्री करावी. जे चालावयास हवे ते चालते का, एवढे पाहून तपासणी पुरी होत नाही.

आणि इतके करूनही मूळचा १६ हा आकडा, कोणी काही न सांगितल्यास, तसाच ठेविला गेला. ज्याने बदल मागितला नाही त्याच्या घरात बदल शिरू नये, यात मोठा विवेक आहे.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे चूक दाखविणे म्हणजे पाणउतारा करणे, असा एक समज आहे. त्यामुळे दाखविणारा कचरतो, ऐकणारा रागावतो आणि चूक मात्र तेथेच सुखाने नांदते. या दुरुस्तीच्या कायमच्या नोंदीत लेखकाच्या नावाबरोबर ती तपासणाऱ्या अनेकांची नावे लिहिलेली आहेत. दोष काढणारा हा कामाचा वैरी नसून भागीदार आहे, ही त्यामागील भावना. त्यांनी प्रश्न केले ते मजकुरास केले, माणसास नव्हे.

तेव्हा घरातील मुलगा वा मुलगी ‘आज दिवसभर दुसऱ्याचे लिहिलेले तपासले’ असे म्हणाली, तर ‘मग तू स्वतः काय केलेस?’ असे कृपा करून विचारू नका. ‘कोणती तुळई सापडली?’ असे विचारा. आपल्या तरुणांसही माझी विनंती आहे की, पोस्टग्रेससारख्या खुल्या कामात नवे काही लिहिण्याची घाई करण्यापूर्वी दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तपासावयास घ्याव्या. त्यास पैसा पडत नाही, कोणाचा वशिला लागत नाही. चिकाटी आणि सौजन्य मात्र लागते. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीची रक्कम किंवा वर्गणीचा नियम बदलण्याचा प्रश्न येईल, तेव्हाही त्या आकड्यावर कोणाकोणाचे घर टेकले आहे हे पाहणारा एक तरी परीक्षक आपल्या सभेत असावा.