परदेशातला हंगाम आणि उलटी उचल

कासार आंबोली, पिरंगुट, पौड या पट्ट्यात भाताची लावणी उरकली की कापणीपर्यंत शेतात सलग काम उरत नाही. अशा वेळी मोबाईलवर ‘परदेशात शेतीकाम, राहणं-खाणं फुकट’ अशी जाहिरात दिसली, तर तरुण मुलगा चौकशी करणारच. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण पगाराचा आकडा नंतर विचारा; जाण्यासाठी पैसे कोण भरणार, हे आधी विचारा. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही. परदेशी हंगामी व्हिसात पुष्कळदा हीच उचल उलटी होते: मजूरच कर्ज काढून एजंटाला पैसे देतो, आणि मग ते कर्ज त्याला मालकाशी बांधून ठेवतं. व्हिसाही त्याच मालकाच्या नावाशी जोडलेला असला, तर भांडायचं कुणाच्या जोरावर?

सगळे देश सारखे नाहीत. अमेरिकेच्या ‘एच-२ए’ व्हिसात राहण्याची जागा मालकानं फुकट द्यायची, करारातल्या किमान तीन चतुर्थांश तासांचं काम द्यायचं, आणि भरतीचा खर्च मजुराच्या माथी मारायचा नाही, असा नियम आहे. जपाननं 2019 मध्ये सुरू केलेल्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसात शेतीही येते. भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते, पण त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. भारताशी त्यांचा करार 2021 चा आहे. ब्रिटनचा हंगामी व्हिसा जेमतेम सहा महिन्यांचा, कुटुंब नेता येत नाही. आणि इटलीत हंगामी परवान्यावर पोचलेल्या कित्येकांना बोलावणाऱ्या मालकानं पुढचा करारच केला नाही, त्यामुळे ते बेकायदा ठरले. जून 2024 मध्ये तिथल्या लातिना भागात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून दिलं गेलं, आणि तो दगावला. त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती.

कुणी म्हणेल, तिथली कमाई इतकी मोठी, की कर्ज सहज फिटेल. हिशेब करून बघा. समजा, पाच लाख महिना तीन टक्क्यांनी उचलले. सहा महिन्यांत व्याजच नव्वद हजार, मुद्दल तसंच. दुसरा आक्षेप असा, की सरकारी वाट लांबची, एजंट काम लवकर करतो. करतोही, पण पर्यटक व्हिसावर पाठवून! तो व्हिसा कामाचा नव्हेच. त्यावर राबणाऱ्याला तिथे पगार मागायलाही तोंड उरत नाही. दहावी न झालेल्यांना आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणजे कागद एकदा तरी सरकारी नजरेखालून जातात. युरोपला निघालेल्याचे कागद तसे कुणी तपासत नाही. ते त्यालाच तपासावे लागतात.

तेव्हा एजंटाचं नाव ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे का, ते पाहा. नोंदणीकृत एजंटाला सेवेपोटी तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागितले किंवा पावती नाकारली, तर तिथूनच उठा. करार समजेल अशा भाषेत वाचून घ्या, एक प्रत घरी ठेवा, आणि हे सगळं जमीन गहाण टाकण्याआधी करा.