बरं वाटणं आणि बरं होणं
(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण)



मी समुपदेशनाचं काम करते हे कळल्यावर कालपासून तिघाचौघांनी मला बाजूला घेऊन एकच शंका विचारली. "आमच्या घरातलं माणूस समुपदेशकाकडे जातं. त्याला बरं वाटतं, पण आता त्यांना विचारल्याशिवाय काहीच करत नाही. ही सवयच लागली म्हणायची का?" प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून उत्तर सर्वांसमोर देते.

आपल्याकडे पेच पडला की देवळात कौल लावतात. समुपदेशकाकडेही माणूस आधी कौल घ्यायलाच येतो. "मॅडम, तुमी सांगशात तसा करतंय." पण समुपदेशकाने कौल द्यायचा नसतो. समोरच्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, एवढ्यासाठी तो बसलेला असतो.

तरी जीव जडतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्याचं बोलणं घरात कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही, त्याला आठवड्यातून एक तास हक्काचा माणूस मिळतो. व्हिएन्नात डॉ. जोसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम या तरुणीवर बोलण्यातून उपचार केले, तेव्हापासून या नात्याचा विचार चालू आहे. फ्रॉइड यांनी पुढे दाखवलं, की आईवडिलांबद्दलचं जुनं प्रेम, राग आणि भीती माणूस नकळत उपचार करणाऱ्यावर ठेवतो. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. ते दडवायचं नसतं. तिथेच, त्याच खोलीत बोलायचं असतं.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं असं, की पाठीशी भरवशाचं माणूस असेल तरच मूल लांब जाऊन खेळतं. पावसाळ्यात आपण होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतो. त्या होडीला कुणी दुबळी म्हणत नाही. पण नारळीपौर्णिमा होऊन गेली तरी ती जागची हलली नाही, तर चौकशी करावी लागते.

अल्बर्ट एलिस यांनी यातला नेमका फरक सांगितला: बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेमुळे एलिस यांची विचारपद्धती मराठी घरांत पोहोचली. या पद्धतीत गृहपाठ असतो. खरं काम दोन भेटींच्या मधल्या दिवसांत व्हायचं असतं.

म्हणून घरच्यांनी भेटी मोजू नयेत. तो माणूस आता घरात थोडं मोकळं बोलतो का, एखादा निर्णय आपणहून घेतो का, हे पाहावं. भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातात का, हेही पाहावं. मात्र "पुरे झालं आता" म्हणून एकदम तोडू नये. निरोपाचीही तयारी करावी लागते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. "माझ्याशिवाय तुमचं चालणार नाही" असं म्हणणारा, उसने पैसे मागणारा, प्रेमाची किंवा शरीराची जवळीक करणारा उपचारक चुकतोच. समोरच्याने होकार दिला होता, ही सबब चालत नाही. मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे उपचारकाची. तिथून बाहेर पडा आणि दुसऱ्याकडे जा. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी दूरध्वनी चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही.

शेवटी आपल्याबद्दल. समुपदेशक एक तास ऐकतो, उरलेला आठवडा माणूस आपल्यात असतो. आपण मध्ये न बोलता, सल्ला न देता दहा मिनिटं ऐकलं, तर त्याचा भार एकाच खुर्चीवर पडणार नाही. चाळीस वर्षांनी आपण एकमेकांचे फोन नंबर घेतले आहेत. ते नुसत्या सुप्रभातच्या संदेशांसाठी ठेवू नका.