सोनिवली आकाशवाणी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीत बाईंनी केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांवर धरला होता. विद्युतप्रभाराचा वेग बदलला की प्रारण बाहेर पडतं, रेडिओचा अँटेना त्यावरच चालतो, असं त्या सांगत होत्या. तेवढ्यात कंगवा हातातून सुटला. मी विचारलं, "बाई, पडताना याचा वेग वाढला ना? मग प्रारण निघालं का?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून 'सोनिवली आकाशवाणी' हे नाव मिळालं, ते वर्षभर चिकटलं. बाई मात्र म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. शोधायला हवं."

पुढे कळलं, की या प्रश्नाने भल्याभल्यांना छळलंय. आइन्स्टाईनने 1907 साली मांडलं, की मुक्तपणे पडणाऱ्याला आपल्या आसपास गुरुत्वाकर्षण जाणवत नाही. मग कंगव्यासोबत पडणाऱ्या मुंगीला प्रभार स्थिरच दिसणार. प्रारण कुठून येणार? उलट, याच न्यायाने टेबलावरचा कंगवा सतत वर ढकलला जातोय. मग तो प्रारण का देत नाही?

उत्तराचा गाभा असा, की प्रारण आहे की नाही, हे पाहणाऱ्यावरही अवलंबून असतं. जमिनीवर उभे असलेल्या आपल्या हिशेबात पडणारा प्रभार प्रारण देतो, मुंगीच्या हिशेबात नाही. टेबलाशेजारी बसलेल्याला फक्त स्थिर विद्युतक्षेत्र दिसतं. 1980 साली डेव्हिड बूलवेअर यांनी अशा एकसमान त्वरणाचं गणित उलगडलं. 1998 साली पुण्याच्या आयुकातल्या थानू पद्मनाभन यांनी एका सहकाऱ्यासह प्रभाराच्या बरोबरीने जाणाऱ्याच्या नजरेतून सुरुवात करून प्रारणाचं सूत्र मिळवलं.

आणि हे मोजता येईल का? नेहमीच्या सूत्राने पडत्या इलेक्ट्रॉनचं प्रारण काढलं, तर वॅटमध्ये दशांशचिन्हानंतर 51 शून्यं आणि मग 5! आमची आकाशवाणी कुणालाच ऐकू गेली नसती.

नोकरीत एकदा ग्राहकासमोर 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली. 'होईल' म्हणून बसले आणि माझ्या टीमने त्यापायी कितीतरी रात्री जागून काढल्या. तेव्हा बाई आठवल्या. चाळीस मुलांसमोर त्यांनी ते किती सहज म्हटलं होतं!

बाई, शोधायला हवं म्हणाला होतात. उशीर झाला, पण उत्तर आणलंय.